मुका प्लेअर

तरुणपणी मूर्खपणा मी पुष्कळ केला, पण त्यातला एकच रेकॉर्ड झाला. आणि तो रेकॉर्ड करणारीही मीच.

माझा धाकटा भाऊ मस्कतहून आला तो गळ्यात हँडीकॅम अडकवूनच. निफाडजवळच्या आमच्या मळ्यात तो थोडे दिवस राहिला. पहिल्याच दिवशी त्याने ओसरीवर पोरांना नाचवलं, ते टिपलं, आणि टीव्हीला वायर जोडून आम्हा सगळ्यांना दाखवलं. चित्र सुरेख होतं. आवाज मात्र नव्हता. आता मला ठाऊक आहे, की कॅमेऱ्यातून तीन वायरी निघायच्या; पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची; आणि आमच्या म्हाताऱ्या टीव्हीत पिवळीच तेवढी बसली. पण तेव्हाच्या त्या बाईने (चाळिशीच्या अलीकडची, बी.ए. झालेली, नाशिकहून खेड्यात सून म्हणून आल्याचा तोरा अजून न उतरलेली, तिला ‘मी’ म्हणायला हल्ली मी जरा कचरते) कुणालाही न विचारता ठरवून टाकलं, की कॅमेरा फक्त चित्र घेतो. आवाज नंतर दुकानात बसवतात, साडीला फॉल लावतात तसा. लग्नाच्या कॅसेटींत नाही का, भटजी नुसतेच ओठ हलवतात आणि वरून सिनेमाची गाणी वाजतात?

भाऊ जाताना कॅमेरा मलाच देऊन गेला. त्या हंगामात, घडांतले जादा मणी कात्रीने विरळण्यापासून ते शेवटचा क्रेट गाडीत चढेपर्यंत, ती बाई कॅमेरा डोळ्याला लावून बागेत फिरली. आणि कॅमेऱ्यामागे अखंड बोलत राहिली. मुख्यतः आपल्या थोरल्या जावेबद्दल.

आता फेब्रुवारी आहे. आम्ही हल्ली नाशिकला राहतो, आणि इथे गंगापूर रोडला द्राक्षांच्या हातगाड्या लागल्यात. संध्याकाळी फिरायला गेले की मी एखाद्या गाडीपाशी उगाच उभी राहते, घेत काही नाही. द्राक्षाला वास नसतो असं लोक म्हणतात. ते बागेत राहिलेले नसतात. वेलींच्या मांडवाखाली दुपारी जो हिरवा, ओलसर, किंचित आंबूस गारवा भरून असायचा, तो माझ्या नाकात अजून तसाच आहे. पानांतून ऊन गाळून यायचं. खाली बसलं की अंगावर उन्हाची नाणी पडायची, वाऱ्याने हलायची, आणि आपण पाण्याखाली बसलोय असं वाटायचं. वरून घड लोंबायचे. त्यांच्यावर पांढुरकी भुकटी असते, बोट लागलं की पुसते. म्हणून घड नेहमी देठाने धरायचा, मण्याला हात लावायचा नाही. शिकलेल्या धाकट्या सुनेने पहिल्या वर्षी कितीतरी घड प्रेमाने कुरवाळून वाया घालवले होते.

थंडी कडक पडली की पहाटे बागेच्या कडेने शेकोट्या पेटायच्या. मणी गारठून तडकू नयेत म्हणून धूर वेलींखालून फिरवायचा. धुकं आणि धूर एकमेकांत मिसळायचे, आणि त्यातून कुणीतरी सरपण घेऊन चालत यायचं. आधी नुसती बांगड्यांची किणकिण, मग पावलं, मग माणूस. मला वाटतं जगात मी पाहिलेलं सगळ्यात सुंदर दृश्य ते होतं. आणि तिथे मी काय करत होते? कॅमेऱ्यामागे कुजबुजत होते.

ती बाग आता नाही. दोन-तीन वर्षं अवकाळीने हाणल्यावर पुतण्याने वेली उपटल्या, तिथे टोमॅटो लावले. बरोबर केलं त्याने. पण बाग गेल्यावर मला त्या कॅसेटी आठवल्या. नॅप्थलीनच्या गोळ्यांसकट एका बिस्किटाच्या डब्यात त्या इतकी वर्षं झोपल्या होत्या. कॅमेरा कधीच बिघडला होता, त्यामुळे कुणी कधी पाहिल्याच नाहीत. माझ्या सुनेने, केतकीने, एम.जी. रोडच्या एका दुकानातून त्यांच्या फाईली करून आणल्या, आणि अख्खा हंगाम तिच्या नखाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये मावला.

दुपारी तिने तो टीव्हीला लावला तेव्हा मी हरभरा सोलत होते. पडदा आधी निळा झाला. मग एकदम हिरवा. आणि त्या हिरव्यातून सासूबाई आल्या. नऊवारीचा काष्टा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या, हात झटकला, आणि वेलींत शिरल्या. आवाज नाही. मग सुरगाण्याकडून विरळणीला येणाऱ्या बाया, ओळीने उभ्या, कात्र्या चाललेल्या, कुणीतरी काही म्हणालं, सगळ्या हसल्या. आवाज नाही. मग धूर. नुसता धूर, बराच वेळ. त्या बाईला कॅमेरा बंद करायचं भान राहिलं नसावं. मला वाटलं मीच झोपले आहे आणि हे सगळं पापणीच्या आतल्या बाजूला चाललं आहे. स्वप्नात तरी कुठे आवाज असतो.

खाली एक पट्टी उमटली होती. केतकी चष्मा वर करून वाचत होती.

“आई, आवाज आहे हो यात. आपल्या टीव्हीच्या प्लेअरला तो वाचता येत नाहीये, एवढंच.”

“कसला आवाज?”

“तुमचाच असणार. कॅमेऱ्यामागे तुम्हीच होतात ना?”

हरभऱ्याचा एक दाणा माझ्या हातातून सुटला आणि सोफ्याखाली गेला. तो अजून तिथेच असेल.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण केतकीने तोवर फोनवर माईंना सांगून टाकलं होतं. माई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या म्हणाल्या, “येते मी. मला बघायचाय आपला मळा.” दर हंगामात त्या द्राक्षं घेऊन आमच्याकडे थोडे दिवस राहायला येतातच. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या इथे महिनाभर होत्या आणि मला उठून एक वाटी उचलू दिली नाही. सासूबाई गेल्या, माझ्या मैत्रिणी एकेक करून पुण्याला नाहीतर अमेरिकेला मुलांकडे गेल्या. रोज सकाळी चहा घेताना मी फोन करते तो माईंना. भाजी कुठली, गुडघा कसा, एवढंच बोलणं. पण ते नाही झालं तर दिवस चुकल्यासारखा वाटतो. आणि आता त्या इथे येणार, ह्या सोफ्यावर बसणार, आणि त्यांच्याबद्दल मी एके काळी काय काय बोलत होते ते सगळं माझ्याच आवाजात, माझ्याच टीव्हीवर ऐकणार.

“हे बघा आई,” केतकीने समजावून सांगितलं. “लॅपटॉप केबलने टीव्हीला जोडता येईल. किंवा एक छोटा डबा मिळतो, टीव्हीच्या मागे लावायचा, तो घेऊ. नाहीतर टीव्हीवरच दुसरा प्लेअर टाकू. तो कुठलीही फाईल चालवतो.”

“आणि आहे तोच ठेवला तर?”

“त्यात आवाज नाही ना.”

“मला आवडतो तो. एक बटण दाबलं की लागतो. आणि जुन्या गोष्टींना शांतताच बरी दिसते गं. मन रमतं.”

“आई, तुम्ही सीरियल लावता तेव्हा पलीकडच्या बिल्डिंगमध्ये कथा कळते.”

मी ह्यांच्याकडे आशेने पाहिलं. हे पेपरातून वर न बघता म्हणाले, “बातम्या दिसतात ना त्याच्यावर? मग झालं.” पहिल्यांदाच मला त्यांचं म्हणणं पटलं.

त्या दिवसांत मी माझ्या वयाला न शोभेल इतकी चपळ झाले. लॅपटॉपची केबल मी उडदाच्या पापडांच्या डब्यात ठेवली. वय झालं की वस्तू कुठेही ठेवता येतात, कुणी संशय घेत नाही. छोट्या डब्याबद्दल मी म्हणाले की टीव्हीमागे आधीच वायरींचं जाळं झालंय, झाडू फिरत नाही. पण तिसऱ्या रस्त्यावर मला काही अडथळा टाकता आला नाही. चहा उकळून वर येईपर्यंत केतकीने नवा प्लेअर टीव्हीवर आणून बसवलासुद्धा.

“लावू?”

“थांब,” मी म्हणाले. “आधी मी एकटी बघते.”

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग रिमोट माझ्या हातात दिला, कुठलं बटण कशाला ते शिकवलं, मागे कसं घ्यायचं, आवाजच बंद कसा करायचा. ते शेवटचं मी दोनदा विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेली, हे जेवून आडवे झाले, आणि मी आवाज अगदी बारीक ठेवून टीव्हीच्या पायाशी पाटावर बसले. गुडघा ओरडला, पण त्याचं कोण ऐकतंय.

पहिल्यांदा नुसती सळसळ आली. पानांची. चित्र यायच्या आतच ती आली आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला, कारण हा आवाज मी साफ विसरले होते. वास लक्षात होता, धूर लक्षात होता, उन्हाची नाणी लक्षात होती. सळसळ गेली होती. मग कात्र्यांची कचकच. क्रेट मातीवरून ओढल्याची खरखर. लांब कुठेतरी औषध मारायचा ट्रॅक्टर. बुलबुलांना हाकलणाऱ्या सासूबाई, “हुर्र मेल्यांनो, तुमच्या बापाची बाग आहे का?” आणि पाठोपाठ त्यांचं हसू. त्या हसायच्या हेच मी विसरले होते. माझ्या आठवणीतल्या सासूबाई कधीच हसत नाहीत.

आणि मग एक किनरा, नाकातला आवाज सगळ्यांच्या वर चढून बोलू लागला.

“आली पट्टराणी. चालते बघा कशी, पालखीतून उतरल्यासारखी.”

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. इतका किनरा आवाज माझा होता, हे मला इतक्या वर्षांत कुणीच का सांगितलं नाही?

“घड धरते की बाळ? कुंची घाल बाई त्याला आता. तीट लाव. सासूबाई समोर असल्या की डोक्यावर पदर, सासूबाई वळल्या की पदर कमरेला. गेली. गेली एकदाची.” थोडा वेळ सळसळ. “आली बाई परत. आत्ताच गेली ना ह्या ओळीतून? एकदा मिरवून पोट भरत नाही.”

ऐकता ऐकता मला हसू आवरेना, आणि कानही तापले. कारण तिला काय झालं होतं ते मला बरोबर ठाऊक आहे. हंगामाचा पहिला घड थोरल्या सुनेने कापायचा आणि देवापुढे ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. कात्री वर्षानुवर्षं माईंच्या हातात. त्यांचा हात होताच तसा. घड वेलीला कळू न देता सुटायचा. बी.ए.वालीला कुणी कात्री देत नव्हतं. मग तिने कॅमेरा घेतला. हातात काही नसण्यापेक्षा बरं.

पण तिची गंमत अशी, की एवढी नावं ठेवायची आणि कॅमेरा मात्र माईंवरून हलवायचा नाही. सगळ्या फाईलींत माईच. माई वाकलेल्या, माई पदराने कपाळ पुसताना, माई मांडवाखालून धुरात जाताना, माई धुरातून परत येताना. तोंड एक बोलत होतं आणि डोळे भलतंच काही करत होते.

त्या दुपारनंतर मी पुष्कळ विचार केला. आठवण हीसुद्धा लग्नाच्या कॅसेटीसारखीच असते. मूळ आवाज आपण कधीच काढून टाकलेला असतो, आणि वर आपल्या आवडीचं गाणं चढवलेलं असतं. त्या हंगामावर मी केवढं गोड गाणं चढवून ठेवलं होतं. दोघी जावा, एक बाग, किती माया. नातवंडांना तसंच सांगत आले. माया होती, पण ती नंतरची. तेव्हा तिथे कात्रीची कचकच होती आणि तो किनरा आवाज होता.

एवढा विचार करून मी काय ठरवलं, तर मुका प्लेअर लावायचा. विचार वेगळा, सोफ्यावर शेजारी बसलेल्या माई वेगळ्या.

माई शनिवारी आल्या. पुतण्या गाडीने सोडून गेला. शेजारच्या बागेतली द्राक्षं त्यांनी टोपलीत पानं घालून आणली होती, आणि स्वयंपाकघरात बसून त्या एकेक घड देठाने उचलून परातीत ठेवत होत्या. त्यांना काचबिंदू आहे, थेंब घालावे लागतात, हे मला ठाऊक होतं. पण विचारलं की म्हणायच्या, “चाललंय गं, दिसतंय काम भागण्यापुरतं.” चहा ओतताना त्यांचं एक बोट कपाच्या कडेवरून आत वाकलेलं होतं. ते मी पाहिलं, आणि पाहिलं तसं सोडून दिलं. माझं सगळं चित्त रिमोटमध्ये होतं.

संध्याकाळी दिवा लावून झाला. केतकी ऑफिसातून आली, हे आपल्या खुर्चीत बसले. माईंना मी टीव्हीच्या अगदी समोर बसवलं आणि रिमोट केतकीच्या हाती जाऊ न देता स्वतः जुना प्लेअर लावला. केतकीने भुवया वर केल्या.

पडदा हिरवा झाला. मांडव आला, ऊन आलं. आणि त्यातून माई आल्या, तेव्हाच्या माई, निळ्या साडीतल्या, टोपली कमरेवर घेतलेल्या, पडदा भरून. किती सुंदर दिसत होत्या. त्या चालत चालत अगदी जवळ आल्या, कॅमेऱ्याकडे बघून हसल्या आणि निघून गेल्या. मी शेजारी पाहिलं. आताच्या माई दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान टीव्हीकडे करून शांत बसल्या होत्या. परातीपुढे बसतात तशाच.

त्या म्हणाल्या, “लागलं का गं?”

पडद्यावर धूर चालू होता.

“माई, दिसत नाही?” मी विचारलं.

“हिरवं दिसतंय. उजेड कमीजास्त होतो. मला वाटलं तू बटणं दाबून ऱ्हायलीस अजून.” मग त्या म्हणाल्या, “चित्राचं ऱ्हाऊ दे. आवाज येईल म्हणून आले मी. बागेचा.”

माझ्या हातात रिमोट होता. त्या क्षणी तो मुका प्लेअर मला किती आवडत होता ते काय सांगू. अजूनही म्हणता आलं असतं, की आवाज नाहीच हो माई, कॅसेट जुनी, खराब झाली. केतकीने मला खोटं पाडलं नसतं, ती तशी नाही. हे तर घोरू लागले होते. माईंनी “बरं” म्हटलं असतं आणि जेवायला बसलो असतो. उद्या परवा त्या गेल्या असत्या, आणि रोज सकाळचा फोन होता तसाच राहिला असता. फक्त त्यांची सळसळ माझ्याकडे राहिली असती, आणि त्यांना मी हिरवा उजेड दिला असता.

मी नवा प्लेअर लावला. तीच फाईल. आणि आवाज, सीरियलला ठेवते तेवढा.

पानं सळसळली. माईंची मान एकदम वर झाली, जशी कुणी मागून हाक मारल्यावर होते. कात्र्या चालल्या. क्रेट ओढला गेला. माईंची बोटं मांडीवर हलू लागली, तीन बोटं आणि अंगठा, देठ धरल्यासारखी. सुरगाण्याच्या बाया हसल्या तेव्हा त्याही हसल्या. सासूबाईंनी बुलबुलांचा बाप काढला तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला, डोळ्यांना नाही. “आत्याबाई,” त्या पुटपुटल्या. “तशाच.”

आणि मग ते आलं. “आली पट्टराणी.” मी जमिनीकडे बघत राहिले. पालखी आली, बाळ आलं, कुंची आली, तीट आली, पदर आला. केतकी उठून स्वयंपाकघरात गेली. तिला हसू येत होतं की लाज, कळलं नाही. “आली बाई परत. आत्ताच गेली ना ह्या ओळीतून?” तो किनरा आवाज अख्ख्या खोलीत फिरून पंख्याला लागून परत येत होता. मी बंद करायचं बटण चाचपलं, आणि दाबलं नाही. संपेपर्यंत वाजू दिलं. शेवटी नुसती सळसळ उरली.

“माई,” मी म्हणाले, “मी मूर्ख होते हो. मला वाटायचं कॅमेऱ्याला आवाज कळत नाही.”

माईंचं तोंड टीव्हीच्या हिरव्या उजेडाकडेच होतं. मग त्यांनी हात लांब करून माझा गुडघा शोधला, दुखरा तोच, आणि त्यावर हात ठेवला.

“कॅमेऱ्याला कान नाय असं तुला वाटलं, ते एक ठीक. पण मला व्हते ना गं सुमन. चार येलींवर तर असायची मी. आज काय म्हणते बघू, म्हणून तर मुद्दाम दुसऱ्यांदा यायची त्या ओळीतून. आता मागं घे जरा, ते पट्टराणी पुन्यांदा ऐकू दे.”